पावसाच्या तोंडावरची तुकडी : तिरुवैयारु येथील मांसल कोंबड्यांचे वेळापत्रक

थंड हवेच्या देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात, मांसासाठी कोंबड्या पाळणारा लहान शेतकरी वर्षातील शेवटची तुकडी केव्हा घ्यावयाची हे एका तारखेवरून ठरवितो. ती तारीख पहिल्या कडक हिमाची होय. पाण्याची भांडी रात्री गोठू लागली आणि गवत पांढरे पडू लागले, की पक्ष्याने खाल्लेले धान्य मांस होण्याऐवजी त्याच्या अंगातील ऊब राखण्यातच खर्ची पडते. यास्तव तो शेतकरी हिमाच्या तारखेपासून आठ आठवडे मागे मोजतो आणि जुलैच्या अखेरीस एक दिवसाची पिल्ले आणतो.

या रीतीत केवळ हिमाची भीती नसते. पक्ष्याच्या शरीरधर्माचीही तिला अनुकूलता असते. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. स्वतःच्या शरीराचे उष्णतामान राखण्याची शक्ती त्याच्यात अद्याप आलेली नसते. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या पातळीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस इतकी ऊब लागते. पुढे ती दर आठवड्यास सुमारे तीन अंशांनी कमी करीत न्यावयाची असते. उलट, पिसे भरलेल्या पाच-सहा आठवड्यांच्या जड पक्ष्याला १८ ते २४ अंशांचा गारवा मानवतो. कोंबडीच्या अंगाला घामाच्या ग्रंथी नसतात. उकाडा वाढला की ती चोच उघडून धापा टाकते, खाणे कमी करते आणि तिची वाढ खुंटते. सारांश, पिल्लाला उन्हाळा हवा असतो आणि मोठ्या पक्ष्याला हिवाळा. उन्हाळ्याच्या शेवटी पिल्ले आणून शरद ऋतूत विकणारा शेतकरी निसर्गाकडून दोन्ही गोष्टी फुकट मिळवितो.

हा हिशेब जेथे हिम कधीच पडत नाही तेथे कितपत लागू पडतो, हे पाहण्यास तिरुवैयारु हे गाव फार चांगले आहे. तंजावर शहराच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर कावेरीच्या काठी ते वसलेले आहे. गावाच्या नावाचा अर्थच ‘पवित्र पाच नद्यांचे स्थान’ असा आहे. संत त्यागराज यांची समाधी येथे असल्यामुळे संगीताच्या जगात हे नाव सर्वत्र ठाऊक आहे. शेतकऱ्यांच्या जगात मात्र ते कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे गाव आहे. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणी, पुरेसा साठा असल्यास, १२ जूनच्या सुमारास सोडले जाते. त्या पाण्यावर ‘कुरुवै’ हे आखूड मुदतीचे भात उभे राहते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापले जाते. ‘सांबा’ हे लांब मुदतीचे भात त्यानंतरच्या पावसावर पोसते व जानेवारीच्या सुमारास घरात येते. भाताच्या गिरण्यांमुळे कोंबड्यांच्या घरात अंथरावयास लागणारे तूस येथे हाताशी असते. कुरुवैचे पैसे हाती आल्यावर एखादी हजार पक्ष्यांची तुकडी घालावी, असा विचार लहान शेतकऱ्याच्या मनात येणे त्यामुळे स्वाभाविक आहे.

येथेही सप्टेंबरचा उकाडा नोव्हेंबरात ओसरतो. सप्टेंबरमध्ये दिवसाचे तापमान ३४ अंशांच्या घरात असते. नोव्हेंबरात ते ३० अंशांच्या खाली उतरते आणि रात्री २३ अंशांच्या आसपास जाते. म्हणजे उन्हाळ्यातून गारव्याकडे जाणारी वाट येथेही आहे, फक्त तिच्या टोकाला हिम नसून पाऊस आहे. महाराष्ट्रातील वाचकाने या ठिकाणी आपल्या मनातील पावसाळा क्षणभर बाजूस ठेवावा. कोकणात व देशावर जो पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो तो नैर्ऋत्येचा. तंजावरला त्याचा थोडाच लाभ होतो. तेथील खरा पाऊस ईशान्येकडून येतो. वेधशाळेच्या हिशेबाप्रमाणे त्याची सुरुवात सरासरीने २० ऑक्टोबरच्या सुमारास होते, नोव्हेंबरात तो सर्वांत जोर धरतो आणि डिसेंबरअखेर ओसरतो. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळेही याच काळात किनाऱ्यावर येतात.

हवामानाच्या या मर्यादेच्या जोडीला दुसरी एक मर्यादा आहे आणि ती पंचांगाची आहे.

तमिळ पंचांगातील ‘पुरट्टासी’ महिना साधारणतः १७ सप्टेंबरपासून १७ ऑक्टोबरपर्यंत असतो. हा महिना पेरुमाळाचा, म्हणजे विष्णूचा, मानतात. एरवी मांसाहार करणारी असंख्य हिंदू कुटुंबे या महिन्यात, निदान त्यातील शनिवारी, मांस वर्ज्य करतात. मुसलमान व ख्रिस्ती गिऱ्हाईक कायम असल्यामुळे कोंबडीचा खप थांबत नाही, तथापि तो घटतो आणि भावही खाली येतो. पुरट्टासी संपून ‘ऐप्पसी’ लागला की ज्यांनी महिनाभर संयम पाळला त्यांची पावले खाटकाच्या दुकानाकडे वळतात. त्यातच दिवाळी येते. तमिळनाडूत दिवाळी मुख्यत्वे नरकचतुर्दशीला असते, आणि अनेक घरांत त्या दिवशी सकाळच्या अभ्यंगस्नानानंतर मटण किंवा कोंबडी शिजते. मराठी वाचकाला याचे नवल वाटेल. आपल्याकडे त्या दिवशी फराळाचे ताट असते. नोव्हेंबरच्या मध्यास ‘कार्तिगै’ लागतो. मग शबरीमलैला जाणारे अय्यप्पाचे भक्त ४१ दिवसांचे व्रत धरतात आणि त्यांच्या घरात मांस बंद होते. अशा रीतीने १८ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर हा सुमारे चार आठवड्यांचा काळच या हंगामातील मागणीचा काळ ठरतो.

आता २० ऑक्टोबर ही पावसाची तारीख पुन्हा आठवावी. बाजार उघडतो आणि आभाळही उघडते, ती दोन्ही एकाच आठवड्यात. तिरुवैयारूच्या तुकडीचा सगळा प्रश्न या एका योगायोगात आहे.

महाराष्ट्रात असाच प्रसंग श्रावणात येतो. आषाढी अमावास्येपर्यंत दुकानांत गर्दी असते आणि दुसऱ्या दिवसापासून ती ओसरते. मात्र श्रावण हा चांद्र महिना आहे, तर पुरट्टासी सौर. सूर्य कन्या राशीत असतो तो पुरट्टासी. म्हणून तो इंग्रजी तारखांना दरवर्षी जवळजवळ स्थिर असतो. दिवाळी मात्र तिथीवर चालते. ती एका वर्षी आदल्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक मास आला की सुमारे एकोणीस दिवस पुढे उडी घेते. २०२२ मध्ये ती २४ ऑक्टोबरला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती १२ नोव्हेंबरला गेली. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबर, २०२५ मध्ये २० ऑक्टोबर. म्हणजे पुरट्टासीचा शेवट आणि दिवाळी यांमधील अंतर २०२५ मध्ये जेमतेम तीन दिवस होते, तर २०२३ मध्ये ते साडेतीन आठवड्यांहून अधिक होते. ‘गेल्या वर्षी अमुक तारखेला पिल्ले घातली होती, यंदाही तीच’ असे म्हणणारा शेतकरी येथेच चुकतो. त्याने दिनदर्शिका पाहण्याआधी पंचांग पाहिले पाहिजे. तंजावरच्या जुन्या मराठी घरांतून चैत्र-श्रावणादी चांद्र महिने आणि चित्तिरै-पुरट्टासी हे सौर महिने शेजारी शेजारी नांदत आले आहेत. कोंबड्यांच्या व्यापाऱ्यालाही दोन्ही कालगणनांचे भान ठेवूनच चालावे लागते.

मागे मोजण्याची रीत

आजकालची ब्रॉयलर जातीची कोंबडी सहा आठवड्यांत, म्हणजे ४२ दिवसांत, दोन किलोच्या वर भरते. पूर्वी असे नव्हते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७ सालचा जतन करून ठेवलेला वाण आणि २००५ सालचा वाण एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवून पाहण्यात आले. ५६ दिवसांनी पहिल्याचे वजन सुमारे ९०० ग्रॅम भरले, दुसऱ्याचे ४,२०० ग्रॅम. निवड पद्धतीने केलेल्या पैदाशीचा हा परिणाम आहे. या वेगामुळे मोजणी सोपी झाली आहे, परंतु ती कडकही झाली आहे. संथ वाढणाऱ्या कोंबडीला आठवडाभर थांबविले तर फारसे बिघडत नाही. वेगाने वाढणारी कोंबडी थांबत नाही. सहाव्या आठवड्यात हजार पक्षी दिवसाला सुमारे १८० किलो खाद्य खातात, आणि जसजसे वय वाढते तसतसे एक किलो मांसासाठी लागणारे खाद्य वाढत जाते. भाव येण्याची वाट पाहत दहा दिवस पक्षी अडवून ठेवणाऱ्याने जवळजवळ दोन टन खाद्याचे पैसे हिशेबात धरलेच पाहिजेत.

२०१८ सालची दिवाळी ६ नोव्हेंबरला होती. ते वर्ष उदाहरणादाखल घेऊ. व्यापारी दिवाळीच्या दोन-तीन दिवस आधी पक्षी उचलतो. म्हणून ३ नोव्हेंबर हा विक्रीचा दिवस धरावा. त्यापूर्वी ४२ दिवस म्हणजे २२ सप्टेंबर : या दिवशी पिल्ले घरात आली पाहिजेत. अंडे उबण्यास २१ दिवस लागतात. यास्तव उबवणी केंद्रात ती अंडी १ सप्टेंबरला यंत्रात ठेवली जावयास हवीत आणि त्याही आधी, ऑगस्टमध्येच, पिल्लांची मागणी नोंदविलेली हवी. सणापूर्वीच्या तुकडीसाठी सर्वच जण धावतात. उशिरा जागे होणाऱ्याला एकतर पिल्ले मिळत नाहीत किंवा चढ्या दराने मिळतात. दोन तुकड्यांमध्ये घर झाडून, धुऊन, चुना लावून दोन आठवडे रिकामे ठेवावयाचे असते. तेव्हा आधीची तुकडी ७ सप्टेंबरपर्यंत बाहेर पडली पाहिजे. ७ सप्टेंबर ही तारीख पुरट्टासी लागण्याच्या दहा दिवस आधीची आहे. म्हणजे आधीची तुकडीही चांगल्या भावात जाते. त्या तुकडीची पिल्ले २७ जुलैला यावयास हवीत. असा हा साखळीचा हिशेब आहे : एका टोकाला दिवाळी बांधली की दुसरे टोक आपोआप आषाढात जाऊन पोहोचते.

२०२५ सारख्या वर्षी हाच हिशेब १७ ऑक्टोबरपासून करावा लागला. पिल्ले ५ सप्टेंबरला हवी होती. अशा वर्षी पावसाचा त्रास कमी, कारण पक्षी बहुतांशी कोरड्या दिवसांतच वाढतात. पण चार दिवस आधी तयार झालेला पक्षी पुरट्टासीच्या पडत्या बाजारात सापडतो आणि चार दिवस उशिरा तयार झालेला सण हुकवितो. २०२३ सारख्या वर्षी उलट परिस्थिती असते. पिल्ले २८ सप्टेंबरला आणून ९ नोव्हेंबरला विकावयाची. बाजाराला सवड भरपूर, परंतु शेवटचे दोन आठवडे थेट पावसात. अलीकडची दिवाळी बाजाराची परीक्षा घेते आणि लांबलेली दिवाळी छपराची.

पाणी जाते कोठे?

पावसात कोंबड्यांचे घर ओले होते ते छपर गळते म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. छपर गळत असेल तर ते दुरुस्त केलेच पाहिजे, यात शंका नाही. तथापि धड छपराखालीही तूस ओले होते, आणि ते ओले करणारे पाणी आकाशातून आलेले नसते. ते पक्ष्यांनी प्यालेले असते.

कोंबडी जितके खाते त्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. उकाड्यात त्याहूनही अधिक. पहिल्या आठवड्यात हजार पिल्ले दिवसाला सरासरी चाळीस-पन्नास लिटर पाणी पितात. सहाव्या आठवड्यात तीच कोंबडी १८० किलो खाते आणि हजारांच्या तुकडीला सुमारे ३५० लिटर पाणी लागते. त्या दिवशी तुकडीचे वजन सुमारे ९० किलोंनी वाढते. त्यातील दोन-तृतीयांश भाग पाण्याचा धरला तर ६० लिटर पाणी अंगात राहिले. उरलेले जवळजवळ २९० लिटर श्वासावाटे व विष्ठेवाटे घरातच बाहेर पडते. पाण्याच्या मोठ्या घागरीत पंधरा लिटर मावतात असे धरले, तर रोज एकोणीस घागरी पाणी तुसावर व हवेत ओतल्यासारखे होते.

हे पाणी वाहून नेण्याचे काम हवेचे. एप्रिलमधील दुपारी हवा ३५ अंशांची व बरीच कोरडी असते. तेव्हा एक घनमीटर हवा आणखी सुमारे वीस ग्रॅम बाष्प सामावून घेऊ शकते. नोव्हेंबरातील पावसाळी रात्री बाहेरची हवा २४ अंशांची आणि जवळजवळ बाष्पपूर्ण असते. ती कोंबड्यांच्या घरात शिरून त्यांच्या अंगच्या उबेने २८ अंशांपर्यंत तापली, तरच तिच्यात थोडी जागा होते, आणि ती जागा घनमीटरला साडेसहा ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे उन्हाळ्यातील क्षमतेच्या केवळ तृतीयांश. २९० लिटर पाणी या हवेने वाहून न्यावयाचे तर दिवसाला ४४ हजार घनमीटरांहून अधिक हवा घरातून गेली पाहिजे. हजार चौरस फुटांच्या व सरासरी तीन मीटर उंचीच्या घरात सुमारे २८० घनमीटर हवा मावते. तेव्हा ती सगळी हवा तासाला सहा-सात वेळा, रात्रंदिवस, बदलावी लागेल. आणि हा कमीत कमी आकडा झाला; बाहेर पडणारी सगळीच हवा पूर्ण भरून जात नाही.

पावसाच्या रात्री शेतकरी काय करतो? पक्ष्यांना गारठा लागेल म्हणून तो चारही बाजूंचे पडदे खालपासून वरपर्यंत ओढून घट्ट बांधतो. पिल्लांच्या पहिल्या दोन आठवड्यांत हे क्षम्य आहे. पाच आठवड्यांच्या पक्ष्यांना त्याची गरज नसते, उलट त्याने घात होतो. हवा कोंडते, तूस ओले होते, आणि ओल्या तुसातील जंतू विष्ठेतील युरिक अम्लापासून अमोनिया तयार करतात. सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरले तर रात्रभर त्या हवेत बसलेल्या पक्ष्यांच्या डोळ्यांची व फुप्फुसांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे : रोज त्याच घरात वावरणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावते. बाहेरून आलेल्या माणसाला विचारणे अधिक खात्रीचे.

म्हणून पडदा वरून खाली उघडेल असा बांधावा आणि मुसळधार पावसातही वरची फूट-दीड फूट जागा मोकळी ठेवावी. छपराचे पाखे पुष्कळ पुढे, चार फुटांपर्यंत, काढलेले असतील तरच हे साधते. कोंबड्यांचे घर लांबीने पूर्व-पश्चिम बांधावे, म्हणजे ऊन आत येत नाही, हा नियम सर्वत्र सांगितला जातो व तो बरोबर आहे. मात्र तंजावरकडे पाऊस ईशान्येकडून झोडपतो. तेव्हा घराची उत्तरेकडील लांब बाजू उघडी पडते. महाराष्ट्रातील बांधणीचा नकाशा जसाच्या तसा तेथे नेल्यास पाखे नेमक्या चुकीच्या बाजूला लांब होतील.

तुसाची परीक्षा हातानेच होते. मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा तसाच राहिला तर ते फार ओले आहे. किंचित चिकटून हळूहळू विस्कटले तर ते ठीक आहे. मुळीच न चिकटता उडाले तर ते फार कोरडे असून त्याची धूळ पक्ष्यांच्या श्वासात जाईल. चांगल्या तुसात शेकडा २० ते २५ भाग ओलावा असतो. तिसाच्या वर गेले की ते थापीसारखे बसू लागते. अशा थाप्या रोज काढून टाकाव्यात, उरलेले तूस रोज खालीवर करावे, त्यात थोडी चुन्याची भुकटी मिसळावी आणि बदलीला कोरडे तूस घालावे. हे कोरडे तूस कोठून आणावयाचे, हा पावसाळ्यातील खरा प्रश्न. कुरुवैचे भात पुष्कळदा पावसातच कापले जाते. सरकारी खरेदी केंद्रावर शेकडा १७ हून अधिक ओलावा असलेले भात सामान्यतः घेत नाहीत, म्हणून शेतकरी ते डांबरी रस्त्यावर पसरून पावसाच्या उघडीपीची वाट पाहत बसतात. त्या दिवसांत गिरणीवर उघड्यात पडलेले तूसही भिजलेले असते. तेव्हा तुकडीला लागणारे सगळे तूस सप्टेंबरमध्येच, पिल्ले येण्याआधी, आणून झाकून ठेवणे भाग आहे. पिल्लांच्या मागणीइतकीच ही गोष्ट वेळापत्रकात नोंदविण्यासारखी आहे.

ओल्या तुसाचे दुसरे फळ म्हणजे रक्ती हगवण. हा रोग कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवींमुळे होतो. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून त्यांची अंडकवचे बाहेर पडतात. ती पडताक्षणी बाधक नसतात. ऊब, हवा आणि ओलावा मिळाला म्हणजे एक-दोन दिवसांत बाधक होतात. ऊब व हवा घरात असतेच. शेतकऱ्याच्या हाती या तिघांपैकी फक्त ओलावा असतो. रोगाला बळी पडण्याचे वय मुख्यतः तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याचे असते, आणि दिवाळीच्या तुकडीचे ते वय ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येते. खाद्यात रोगप्रतिबंधक औषध घालण्याची पद्धत आहे, पण चिखल झालेल्या तुसावर ते एकटे पुरे पडत नाही. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात आणि गंबोरोची दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास द्यावयाची असते, ती ऋतू कोणताही असो.

खाद्याची पोतीही भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. ओलसर मका व भुईमुगाची पेंड यांवर बुरशी चढते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा नाश करणारे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध घेता ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड त्यास कारण असल्याचे आढळले आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला. एक वास येणारे पोते फेकण्याचे जिवावर येते, हे खरे. परंतु ते खाऊ घालणे अधिक महाग पडते.

१६ नोव्हेंबर २०१८

ज्या वर्षाचा हिशेब वर मांडला त्या वर्षी दिवाळीनंतर दहा दिवसांनी, १६ नोव्हेंबरच्या पहाटे, ‘गज’ हे चक्रीवादळ नागपट्टिनम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. नागपट्टिनम, तिरुवारूर, तंजावर व पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांत त्याने हाहाकार माजविला. नारळाची झाडे मोठ्या संख्येने उन्मळून पडली, विजेचे खांब आडवे झाले, गुरेढोरे व कोंबड्या मेल्या. तंजावर जिल्ह्याचा दक्षिण भाग, ओरत्तनाडु व पट्टुकोट्टै या बाजूंचा, अधिक सापडला. तिरुवैयारु उत्तरेस असल्याने त्या मानाने बचावले.

वादळाची तारीख कोणास आगाऊ कळत नाही. ३ नोव्हेंबरला तुकडी विकून मोकळा झालेला शेतकरी भविष्य जाणत नव्हता. त्याचे घर त्या रात्री रिकामे होते आणि पत्रे उडाले असतील तर तेवढेच उडाले. मात्र ज्याने दिवाळी हुकली म्हणून, किंवा भाव आणखी चढेल म्हणून, पक्षी दोन आठवडे थांबविले, त्याचे सर्व भांडवल त्या रात्री छपराखाली होते. वीज गेल्यावर पंप बंद पडतो आणि सहा आठवड्यांवरील हजार पक्ष्यांना रोज साडेतीनशे लिटरांहून अधिक पाणी हाताने शेंदून घालावे लागते. रस्त्यांवर झाडे पडलेली असल्याने खाद्य येत नाही आणि गिऱ्हाईकही येत नाही. मिनेसोटातील शेतकऱ्याचे हिम निदान दरवर्षी येते आणि त्याचा अंदाज बांधता येतो. वादळ दहा वर्षे येत नाही आणि अकराव्या वर्षी येते. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यानंतर जड पक्षी घरात असू नयेत, अशीच तुकडी आखणे शहाणपणाचे; दिवाळी लांबलेली असली तरी ही सीमा ओलांडावी लागत नाही, कारण दिवाळी त्यापलीकडे सहसा जात नाही.

ज्या शेतकऱ्याची कंपनीशी करारशेती आहे त्याला या हिशेबातील अर्धाच भाग लागू पडतो. तमिळनाडूत तिरुप्पूर जिल्ह्यातील पल्लडम हे या धंद्याचे मोठे केंद्र आहे. कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे देते, शेतकरी घर, पाणी व श्रम पुरवितो आणि त्याला किलोमागे वाढणावळ मिळते. तारीख कंपनी ठरविते. त्याला बाजारभावाची चिंता नाही. तुसाची व पडद्याची मात्र आहेच, कारण मेलेल्या पक्ष्याची वाढणावळ मिळत नाही.

गावठी कोंबडी पाळणाऱ्याचे गणित वेगळे. ‘नाट्टु कोळी’ या नावाने तमिळनाडूत जी विकली जाते ती ब्रॉयलरपेक्षा महाग असते आणि तिला विक्रीयोग्य होण्यास तीन ते चार महिने किंवा अधिक लागतात. दिवाळीसाठी तिची पिल्ले जूनमध्ये, धरणाचे पाणी सुटते त्या सुमारास, घरात असावी लागतात. ती दोन आठवडे थांबली तर फारसे नुकसान नाही. वनराज, गिरिराज यांसारखे संशोधन केंद्रांनी तयार केलेले परसातील वाण या दोहोंच्या मध्ये बसतात. ओरत्तनाडु येथे २०१२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने अशा बाबतीत विचारपूस करण्यास जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

दिवाळीची तुकडी गेल्यावर पुढची पोंगलची. माट्टुपोंगल व त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५-१६ जानेवारीच्या सुमारास, मांसाला पुन्हा मागणी येते. १२ जानेवारीला विकावयाचे तर पिल्ले १ डिसेंबरला हवीत. या तुकडीत क्रम उलटा होतो : पिल्लेपण ऐन पावसात आणि मोठेपण कोरड्या, गार हवेत. शेवटचे आठवडे सुखाचे जातात; पहिले दोन आठवडे मात्र रात्री जागून काढावे लागतात. दिव्यांची ऊब वीज असेपर्यंतच मिळते, म्हणून कोळशाची शेगडी व कोरडा कोळसा हाताशी ठेवावा लागतो, आणि शेगडीचा धूर बाहेर जाण्यास वाट असावी लागते. पिल्ले शेगडीभोवती एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोची उघडून बसली तर ऊब जास्त झाली आहे. सर्वत्र विखरून दाणे टिपीत असली तर ऊब नेमकी आहे. पहिली तुकडी ३ नोव्हेंबरला गेली असल्यास मधे चार आठवडे मिळतात. ते सगळे लागतात, कारण नोव्हेंबरच्या हवेत भिंतीला लावलेला चुना दोन आठवड्यांत वाळत नाही. बाहेर काढलेले जुने तूस उत्तम खत असते. परंतु सांबाच्या शेतात तेव्हा पाणी उभे असल्याने ते लगेच टाकता येत नाही. घरापासून दूर, उंचवट्यावर ढीग करून त्यावर नारळाच्या झावळ्या व जुने ताडपत्रीचे तुकडे टाकून ते उन्हाळ्यापर्यंत ठेवतात.